पाय काढला की बंद पडणारी गाडी

आमच्या गॅरेजमध्ये गाडी घेऊन कोणी आलं की मी आधी बोनेट उघडत नाही. आधी विचारतो, "आवाज कसा येतो? काढून दाखवा."

माणसं लाजतात. लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, मालक असलेला एक शेठ तोंडावर रुमाल धरून "टुक टुक टुक" करून गेला आणि जाताना बोलला, कोणाला सांगू नको. एक शाळेतले सर होते, ते काही केल्या आवाज काढेनात. "घर्षणासारखा काहीतरी" एवढंच बोलायचे. मग मीच एकेक आवाज काढायला लागलो. बेल्टचा, बेअरिंगचा, सायलेन्सर फाटल्याचा. चौथ्या आवाजाला सर खुर्चीतून उठले आणि बोलले, "हाच, हाच." गाडी बाहेर उभीच होती, तिला अजून हात पण लावला नव्हता.

आता या लेखात मला आवाज काढता येत नाही ही माझी मोठी पंचाईत आहे. तुम्ही चालवून घ्या.

मी अकलोलीचा. आमच्याकडे गरम पाण्याची कुंडं आहेत म्हणून बाहेरून माणसं येतात, पण आम्हा पोरांना करमणूक एकच, नकला. शाळेत मी हेडमास्तरांपासून घंटेपर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो. सगळ्यात नाव झालं ते एसटीमुळे. गणेशपुरीच्या स्टॉपवर भिंतीमागे उभं राहून मी येणाऱ्या एसटीचा असा आवाज काढायचो, गिअर बदलण्यासकट, की बायका टोपल्या उचलून डोक्यावर घ्यायच्या. नंतर त्याच टोपल्यांमधून मला जे फेकून मारायच्या त्यात काकडी असायची, म्हणून धंदा तोट्याचा नव्हता.

दहावीनंतर काम शोधत भिवंडीला आलो. कल्याण रोडला एका गॅरेजबाहेर उभा होतो. आत एक म्हातारा गाडीखाली झोपलेला, फक्त पाय दिसत होते. तिथल्या पोरांना हसवायला मी सकाळी ज्या टेम्पोतून आलो त्याच्या इंजिनाचा आवाज काढला. गाडीखालून आवाज आला, "टायमिंग चेन ढीली है. किसकी गाडी है?"

पोरं हसली. म्हातारा सरकत बाहेर आला, बघतो तर गाडी नाहीच, मी उभा. माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि बोलला, "कल से आ जा."

हे आमचे उस्ताद, रहमतचाचा. तरुणपणी यूपीमधून लूमवर काम करायला भिवंडीला आले. चार बाजूंना लूमचा खडखडाट, शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे करायचे, अशी त्यांची जवानी गेली. मग लूम सोडून गॅरेज धरलं, कारण त्यांचं म्हणणं, लूम सगळे एकच बोलतात, इंजिन प्रत्येक वेगळं बोलतं. सगळं निदान कानाने. मोठा स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक इंजिनाला, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला, डोळे बंद. डॉक्टरसारखे. फक्त डॉक्टर शिव्या देत नाही.

आणि मी काय करायचो, तर त्यांची नक्कल. ते वाकलेले असले की मी पाठीमागून हळू आवाजात, त्यांच्याच घोगऱ्या आवाजात बोलायचो, "अबे, ये गाडी है कि भैंस है?" उस्ताद वळायचे नाहीत. हातात जे सूत असेल ते मागे न बघता फेकायचे आणि ते बरोबर माझ्या तोंडावर बसायचं. "सुन रहा हूँ, कमीने." भिवंडीच्या गॅरेजमध्ये हात पुसायला लूमचं उरलेलं सूत असतं, त्याचा गोळा. मऊ असतो. लागत नाही, पण ऑईलचा वास नाकात जेवणापर्यंत राहतो.

आता नाना आणि काकीच्या गाडीकडे येतो. त्या गाडीसाठीच लिहायला बसलोय.

नाना हायवेवरच्या वडपे गावचे. पूर्वी भाताची शेती, आता त्याच जमिनीवर गोडाऊन उभी आहेत आणि अंगणात ट्रक. नानांकडे मोठी गाडी आहे, पण आमच्याकडे यायची ती त्यांच्या बायकोची, म्हणजे काकीची. छोटी, पेट्रोलवाली, जुनी, पुढच्या काचेला देवीची चुनरी. सुना आल्यावर काकी गाडी शिकली. दोन्ही सुना अजून शिकतायत, हे काकी प्रत्येक वेळी सांगते.

एका सकाळी गाडी आली ती घोरत, थरथरत, आणि गेटमध्येच बंद पडली. नाना बाजूच्या सीटवरून उतरले.

"पोरा, गारी चालू होते. पन पाय काढला का बंद परते."

"आवाज काढून दाखवा, नाना."

नाना पांढऱ्या कपड्यातले, गावात मान असलेले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. काकीच बोलली, "त्यांना न्हाय जमाचा. मी दाखवतंय." आणि तिने गाल फुगवून असा सुंदर आवाज काढला, वर, खाली, वर, खाली आणि फुस्स, की मला माझी नोकरी धोक्यात दिसली.

झालं काय होतं, तर पुतण्याची हळद. आमच्या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. डीजेची गाडी हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. बायका नटून थटून उभ्या. मग काकीने आपली गाडी अंगणात आणली, चारी दरवाजे उघडले, गाणी लावली. पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून इंजिन बंद. डीजे पोचला तोवर बॅटरी पार झोपली होती.

"नाचलात तरी का?" मी विचारलं.

"ती?" नाना बोलले. "बॅटरी संपली तरी ही नाचतच होती."

"गप बसा ओ. सांगा त्याला पुढचा."

पुढचं महत्त्वाचं होतं, म्हणून मी घाबरत विचारलं, "केबल लावून चालू केली ना? ट्रकवरून की टेम्पोवरून?"

वडप्यात हा प्रश्न विचारावाच लागतो. दारात ट्रक उभा असतो, ड्रायव्हर प्रेमाने बोलतो, माझ्यावरून घ्या. पण ट्रकला दोन बॅटऱ्या जोडलेल्या, ताकद दुप्पट. छोट्या गाडीला ती दिली तर आतला कॉम्प्युटर जळून जातो.

"ट्रकवाला सांगत व्हता," नाना बोलले, "पन हिला त्याचा तोंड आवरला न्हाय. म्हनून टेम्पोवरनं केली."

काकीच्या आवडीनिवडीने कॉम्प्युटर वाचला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी बॅटरी नवीन टाकली, आणि तेव्हापासून गाडीचं हे असं.

बॅटरी बदलल्यावर गाडी नीट चालत नसेल तर आम्ही आधी साध्या गोष्टी बघतो. बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का. चार्जिंग होतंय का. घाईघाईत कोणता पाईप, कोणता प्लग हलला का. मी सगळं बघितलं, ठीक. स्कॅनर लावला, त्यात काही फॉल्ट दिसेना.

उस्ताद आले, उभे राहिले, मान तिरकी केली. "मिसिंग है. एक सिलिंडर मर रहा है. प्लग बदल."

मला तो आवाज मिसिंगचा वाटत नव्हता. पण उस्ताद बोलले म्हणजे झालं. प्लग बदलले, जरा रेस दिली, गाडी गरम होती, गेली. दोन दिवसांनी काकी परत. तसंच. वर, खाली, फुस्स.

यावेळी उस्तादांनी कॉईल बदलायला सांगितली. बदलली. काकी परत गेली. मला त्या दिवशी काहीतरी खटकलं, म्हणून संध्याकाळी उस्ताद बेंचवर वाकून पाने-पकडी पुसत होते तेव्हा मी पाठीमागे उभा राहिलो आणि त्यांच्या आवाजात बोललो, "अबे, ये गाडी है कि भैंस है?"

काही आलं नाही.

मी जरा मोठ्याने बोललो. रस्त्यावरचा पानवाला हसला. उस्ताद पाने पुसत राहिले. हातात सुताचा गोळा होता, तो हातातच राहिला.

मला वाटलं रागावलेत. मी अजून मोठ्याने बोललो आणि तेवढ्यात ते वळले, मला बघून दचकले. "तू कब आया?"

मी बोललो, आत्ताच.

घरी जाताना मग एकेक आठवायला लागलं. हल्ली ते मलाच जास्त सांगायचे, "निकाल, आवाज निकाल," आणि मी काढला की माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मला वाटायचं, माझी कला आवडते. फोन आला की तो ते आपल्या मुलाकडे द्यायला लागले होते. लूमने त्यांचे कान तरुणपणीच अर्धे खाल्ले होते, उरलेले अर्धे त्यांनी आम्हाला कळू न देता आजपर्यंत चालवले होते. आणि आम्ही रोज त्यांच्या शेजारी.

काकी तिसऱ्यांदा आली. ती रागावली नव्हती, तेच वाईट. ती उस्तादांना बोलली, "जाऊ द्या ओ, मी पाय ठेवूनच चालवतंय. सवय झाली." सिग्नलला एक पाय ब्रेकवर, एक रेसवर, अशी ती वडप्याहून आली होती. हायवेला, ट्रकांच्या मधून.

उस्तादांनी हे ऐकलं की नाही माहीत नाही, पण तिचे पाय बघितले. मग मला बाजूला घेऊन बोलले, "आज ये ठीक नहीं हुई, या फिर लौटी, तो मैं पाना रख दूँगा. लड़का कब से बोल रहा है, अब्बा, घर बैठो. मेरी गलती से किसी का एक्सीडेंट हो गया तो?"

काकीला रेसवर पाय ठेवायला सांगून मी बोनेट उघडलं.

उस्तादांनी मोठा स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. हाडातून त्यांना अजून ऐकू येतं हे मला तेव्हा कळलं, कारण प्रत्येक ठिकाणी टेकवून ते बोटं मोजत होते. "टिक टिक सब की आ रही है. मरा कोई नहीं है." म्हणजे चारी सिलिंडर आपापलं काम करत होते. मग गाडी मरते का? ते स्क्रूड्रायव्हरने कळत नव्हतं, कारण गाडी पूर्ण हलत होती, हाडाला नुसता खडखडाट. त्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि सवयीने बोलले, "तू निकाल के दिखा."

मी आवाज काढायला लागलो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. डोळ्यांत तो भाव होता, जसा चुकीच्या गाडीत बसलेला माणूस बाहेरच्या पाट्या वाचायला बघतो.

मी थांबलो. खोकलो. बोललो, "उस्ताद, घसा बसलाय. आज आवाज इथून निघतोय." आणि त्यांचा हात घेऊन माझ्या छातीवर ठेवला.

उस्तादाचा हात असा कोणी धरत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. घसा ठणठणीत आहे हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. नाना आणि काकी बघत होते. उस्तादांनी हात काढला नाही. उलट पंजा पसरून नीट दाबला आणि डोळे बंद केले.

मी काकीची गाडी काढली. अगदी खालच्या आवाजात, जो छातीत घुमतो. सुरू झाली, चढली, उतरायला लागली, अजून उतरली, धडपडली, वर आली, परत उतरली, मेली. परत पहिल्यापासून. नक्कल करताना मी नेहमी जरा मसाला टाकतो, गाडी जरा विनोदी करतो. त्या दिवशी नाही टाकला. जशी होती तशी काढली.

"फिर से."

काढली.

"लंगड़ी नहीं है," उस्ताद डोळे मिटूनच बोलले. "मिसिंग वाली लंगड़ाती है. धक, धक, और एक गायब. ये पूरी की पूरी बैठ रही है. कदम ठीक है, साँस कम है." डोळे उघडले. "हवा. गला देख इसका."

गला म्हणजे थ्रॉटल बॉडी. इंजिन हवा आत घेतं त्या नळीत एक गोल झडप असते. तुम्ही रेस देता तेव्हा ती उघडते. पाय काढलात की ती जवळजवळ मिटते, बारीक फट राहते, त्या फटीतून गाडी उभ्या उभ्या श्वास घेते. वर्षानुवर्षं तिथे काळा थर बसत जातो आणि फट बुजत जाते. मग गाडी बंद का पडत नाही? कारण आतला कॉम्प्युटर रोज जरा जरा शिकत असतो. आज एवढी बुजली, मग झडप एवढी जास्त उघडू. उद्या अजून थोडी. मालकाला पत्ताच लागत नाही. वीज गेली, बॅटरी पूर्ण झोपली, की तो हे सगळं शिकलेलं विसरतो. त्याला वाटतं आपली गाडी अजून नवी कोरी आहे, आणि तो नव्या गाडीएवढीच फट ठेवतो. जुन्या गळ्याला ती पुरत नाही.

काकीला मी हे सांगितलं. ती बोलली, "म्हंजे इतकी वर्सं ती सांभालून घेत व्हती, आनि आमाला ठावच न्हाय."

नाना खाली बघत चपलेने जमीन उकरत होते.

थ्रॉटल बॉडी खोलली. आतून चुलीवरच्या पातेल्यासारखी काळी. मी साफ केली, उस्तादांनी बोट फिरवून तपासली, बसवली. आता उरलं ते सगळ्यात कठीण काम, काहीच न करणं. गाडी चालू करून तशीच उभी ठेवायची. एसी बंद, गाणी बंद, रेसला हात पाय काही लावायचा नाही. दहा-पंधरा मिनिटं. तिला नव्याने शिकू द्यायचं. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस इथेच चुकतो. गाडी जरा खाली आली की भीती वाटते, मरेल, आणि पाय जातोच. पाय गेला की कॉम्प्युटर काय शिकणार? तो समजतो, कोणीतरी आहे सांभाळायला. काकीने पण सगळे दिवस हेच केलं होतं.

"काकी, तुम्हीच बसा. पण पाय नको."

"ऱ्हातील ना माजे पाय."

चावी फिरवली. गाडी चढली, मग खाली यायला लागली, आणि काकीचा पाय गेला.

"काकी."

"अरे आपोआप जातो तो."

शेवटी तिने साडी सावरली आणि ड्रायव्हरच्या सीटवर मांडी घालून बसली. हात जोडून मांडीवर. देवळात बसल्यासारखी. नाना खिडकीशी उभे राहिले आणि बोलले, "आता दरवाजा लावून आरती करू का?"

"तुमी गप."

गाडी परत खाली यायला लागली. उस्तादांनी दोन्ही पंजे बोनेटवर टेकवले. गाडी अजून खाली आली, थरथरली, आरसा हलायला लागला. काकीने डोळे गच्च मिटले. माझा स्वतःचा पाय जमिनीवर दाबला गेला, खोटं नाही सांगत.

"गिरने दो," उस्ताद बोलले, कोणाला ते माहीत नाही. "गिरने दो. कोई हाथ नहीं लगाएगा."

अगदी शेवटच्या टोकाला जाऊन ती थांबली. पडली नाही. एक हुंदका दिल्यासारखी वर आली, परत उतरली, पण यावेळी आधीएवढी नाही. मग त्याहून कमी. थोड्या वेळाने पंखा लागला, बंद झाला, आणि गाडी एका सुरात बोलायला लागली. उस्तादांचे पंजे बोनेटवर तसेच होते. मी तोंड उघडलं, झाली म्हणून सांगायला, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसलो. त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

पुढचा आठवडा उस्तादांनी गेटकडे बघत काढला. पांढरी छोटी गाडी दिसली की हातातला पाना थांबायचा. आणि एका दुपारी काकीची गाडी खरोखर गेटातून आत आली. उस्तादांनी हातातला पाना पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी बंद करायला लागले.

काकी उतरली ती हातात मोठा डबा घेऊन. "उस्ताद, तांदलाच्या भाकऱ्या हायत. आनि करदी. तुमी करदी खाता ना?" करदी म्हणजे बारीक कोळंबी.

उस्ताद तिच्या ओठांकडे बघत होते. मी डब्याकडे बोट दाखवलं, मग तोंडाकडे. ते तिच्या मागे गाडीकडे बघायला लागले. दरवाजा उघडा, सीट रिकामी, आणि चुनरीची झालर बारीक थरथरतेय.

"मुद्दाम चालू ठेवलीय," काकी बोलली. "बघा, कोनाचाच पाय न्हाय."

उस्ताद गेले आणि बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग परत आले, पेटी उघडली आणि पाना बाहेर काढला. करदी त्यांनी एकट्याने खाल्ली. मला भाकरी मिळाली.

आता आमची पद्धत ठरून गेलीय. गिऱ्हाईक मला आवाज सांगतं, मी तो उस्तादांच्या हाताखाली काढतो, आणि लोकांना वाटतं या दोघांचं काहीतरी नाटक आहे. मुलाने कानाचं मशीन आणून दिलं, ते उस्ताद लग्नाला लावतात. गॅरेजमध्ये लावलं की बोलतात, सगळे पाने ओरडतात.

नक्कल मी सोडून दिली होती. पाठीमागून नक्कल करायची आणि पुढच्याला ऐकूच जाणार नाही, त्यात मजा काय. परवा मी एका गाडीत डोकं घालून काम करत होतो. गप्प, अगदी गप्प, तोंडात टॉर्च धरलेली. मागून मानेवर काहीतरी मऊ येऊन आदळलं. ऑईलचा वास आला.

वळून बघितलं तर उस्ताद माझ्याकडे पाठ करून बेंचवर पाने लावत होते.

"सुन रहा हूँ, कमीने."

मी तोंडातली टॉर्च काढली, गोळा उचलला आणि त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, त्यांना माझे ओठ दिसतील असा.

"सॉरी, उस्ताद," मी बोललो. "परत नाही काढणार आवाज."